बिघडलं तर कोण येणार?

गावाच्या वेशीवर, समाजमंदिरापाशी किंवा झेडपीच्या शाळेच्या कुंपणाला लागून एक सौर दिव्याचा खांब उभा असतो. वरच्या पॅनेलवर धुळीचा आणि पाखरांच्या विष्ठेचा थर. खाली बॅटरीची पेटी, तिचे दार उघडे आणि आत बॅटरी नाही. खांबावर रंगवलेले योजनेचे नाव तेवढे अजून नीट वाचता येते. असा खांब ज्याने पाहिला नाही, त्याने महाराष्ट्रातली खेडी पाहिलेली नाहीत असे खुशाल समजावे.

हा दिवा का विझला? ऊन कमी पडले म्हणून नाही. पैसे नव्हते म्हणूनही नाही. ते होते, म्हणून तर खांब उभा राहिला. लेड-ॲसिड बॅटरीत ठरावीक दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, टर्मिनलवर चढलेला क्षार पुसून ग्रीस लावावे लागते, पॅनेल धुवावे लागते आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते. बदलायची तर त्यासाठी दर वर्षी थोडे पैसे बाजूला टाकावे लागतात. यातले एकही काम अवघड नाही. पण ते कोणाचे, हे ठरलेले नव्हते. नारळ फुटला, फोटो निघाले, गाड्या गेल्या. आणि मागे राहिलेल्यांपैकी कोणाच्या तरी मनात आलेला प्रश्न मनातच राहिला: हे बिघडलं तर कोण येणार?

या पुस्तकाचा विषय तोच प्रश्न आहे. 'शाश्वत विकासात उच्च व्यवसाय शिक्षणाचा वाटा' असे भारदस्त कपडे चढवून तो वाचकांसमोर येतो आहे, एवढेच. म्हणून प्रस्तावनेत आधी ते कपडे थोडे सैल करायला हवेत.

'शाश्वत' हा शब्द आपल्या ओळखीचा झाला तो कीर्तनातून. जे कधीच नष्ट होत नाही ते शाश्वत. विकासाला हे विशेषण लागले ते १९८७ नंतर, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने संयुक्त राष्ट्रांना अहवाल दिल्यावर. आजच्या गरजा भागवताना उद्याच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढून घेऊ नये, हा त्या अहवालाचा गाभा. २०१५ साली १९३ देशांनी सतरा उद्दिष्टे मान्य केली. त्यातले चौथे शिक्षणाचे, आणि त्याच्या एका पोटकलमात २०३० पर्यंत सर्व स्त्री-पुरुषांना परवडणारे आणि दर्जेदार तांत्रिक, व्यवसाय आणि उच्च शिक्षण समान संधीने मिळावे असे म्हटले आहे. तांत्रिक, व्यवसाय आणि उच्च ही तिन्ही शिक्षणे तिथे एका ओळीत, मांडीला मांडी लावून बसली आहेत. आपल्याकडे त्यांची तीन वेगळी दालने आहेत, आणि मधल्या दालनाचे दार मागच्या अंगणात उघडते.

हे मराठी भाषेलाही ठाऊक आहे. 'व्यावसायिक अभ्यासक्रम' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी असे प्रवेशपरीक्षावाले अभ्यासक्रम येतात. 'व्यवसाय शिक्षण' म्हटले की आयटीआय, एमसीव्हीसी, फिटर, वायरमन. मूळ शब्द एकच. पण एका प्रत्ययाने मुलाची लग्नाच्या बाजारातली किंमत बदलते. "मार्क कमी पडले, म्हणून आयटीआयला घातला" या वाक्यातला 'म्हणून' सगळी व्यवस्था सांगून जातो. हाताने काम करणे ही आपल्याकडे निवड नसते, ती शिक्षा असते.

नेहमी असेच होते का? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १८५४ सालच्या एका वर्गात आहे. पूल, रस्ते, कालवे, इमारती अशा सरकारी बांधकामांवर देखरेख करणारे दुय्यम कर्मचारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. म्हणजे आज ज्याला आपण उच्च शिक्षणाचा मानबिंदू समजतो, ते रोप व्यवसाय शिक्षणाच्याच वाफ्यात लागले. १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन काढले. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा होती. रंगाई, कापड, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तिथे शास्त्राच्या जोडीने शिकवले जात. दादासाहेब फाळके हे तिथलेच विद्यार्थी. त्याआधी, १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी शेतांना ताली आणि बंधारे असे घालावेत की पावसाचे पाणी जमिनीत मुरूनच पुढे जावे, अशी सूचना केली आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे असेही सुचवले. माती-पाणी आणि शिक्षण हे दोन प्रश्न एकाच पुस्तकात, एकाच दमात मांडणारा हा मराठीतला फार जुना दस्तऐवज म्हणायला हवा.

मग वाट कुठे चुकली? उत्तराचा मोठा भाग जातीत आहे, आणि या विषयावरच्या लेखनात तो बहुधा गाळला जातो. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्याकडे जे ज्ञान होते ते खरेखुरे ज्ञान होते. बाभळीचे लाकूड कुठल्या दिशेने चिरायचे, लोखंडाला पाणी कधी द्यायचे हे अंदाजाने जमत नाही. पण ते ज्ञान जन्माने मिळायचे, जन्माला चिकटायचे, आणि त्याची मजुरी सुगीला बलुत्याच्या पायलीने मोजली जायची. लिहिणारा हात वेगळा आणि घडवणारा हात वेगळा. इंग्रजी शाळा आली तेव्हा पहिल्या हाताने ती उचलली. दुसऱ्या हाताला ती मिळाली तेव्हा तिचा अर्थ 'या कामातून सुटका' असाच होता. तो अर्थ चुकीचा नव्हता.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या भोवती शिक्षण उभे करण्याची कल्पना मांडली. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. नई तालीम ती हीच. चरख्यातून गणित, कापसातून भूगोल, अशी ती थोर कल्पना होती. पण ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या हातानेच काम झाले होते, त्यांना तिच्यात साधेपणाच्या नावाखाली पुन्हा जुनीच पायरी दिसली तर नवल नाही. ही भीती किती खरी होती हे १९५३ साली मद्रास राज्यात दिसले. राजगोपालाचारींच्या सरकारने मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. 'कुलकल्वी', कुळाचे शिक्षण, असे नाव देऊन पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हाणून पाडली. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना गुंडाळली. व्यवसाय शिक्षणाची बाजू मांडणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट उशाशी ठेवावी. ज्या शिक्षणाला वर जायला जिना नाही ते कितीही उपयुक्त असले तरी तो तुरुंगच.

जिना बांधायचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तिथल्या 'कमवा आणि शिका'त श्रम हे कोणत्याही एका जातीच्या मुलाचे काम नव्हते. वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राबत आणि एकत्र जेवत. दुसरा प्रयत्न पाबळचा. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या या अवर्षणप्रवण गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग आणि मीराताई कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अन्नतंत्रज्ञानातले अमेरिकेत पीएच.डी. झालेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर काम केलेले. शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात चार अंगांनी तयार केले: शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि वर्कशॉप. एकच धंदा नाही, चारही. कारण खेड्यात फक्त वेल्डिंग करणाऱ्याला रोज काम मिळत नाही; पण वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण आणि हिशेब जमणाऱ्याचे पोट गावातच भरते. या मुलांनी घुमटाकार घरे बांधली, जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घेणारी उपकरणे बनवली आणि वापरली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'फॅब लॅब' उपक्रमातली अमेरिकेबाहेरची अगदी पहिल्या काहींतली प्रयोगशाळा उघडली ती याच गावात. दहावी नापास मुलगा लेझर कटरवर बसतो, तेव्हा 'उच्च' आणि 'व्यवसाय' यांतली भिंत कागदाचीच होती हे कळते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो सरळ घ्यायला हवा. राजस्थानात तिलोनियाला बंकर रॉय यांनी १९७२ साली सुरू केलेल्या संस्थेत, जिला पुढे बेअरफूट कॉलेज हे नाव मिळाले, निरक्षर आज्यांनी सौर दिव्यांचे सर्किट जोडायला शिकून आपली गावे उजळली. तिथे प्रमाणपत्रही देत नाहीत. ते मिळाले की माणूस शहराची वाट धरतो, अशी त्यामागची भूमिका. मग पदवीचे, विद्यापीठाचे काम काय? तिलोनियाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली: हाताच्या कौशल्याला पदवी लागत नाही. पण काही कामे अशी आहेत की तिथे हाताच्या मागे हिशेब लागतो, हिशेबाच्या मागे शास्त्र, आणि चुकीची किंमत करणाऱ्याला नव्हे तर तिसऱ्यालाच मोजावी लागते. 'उच्च' हे विशेषण तिथे लागू पडते. तीन उदाहरणे पाहू.

पहिले, एसी दुरुस्त करणारा. उन्हाळ्यात तो आपल्या घरी येतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो, उरलेला गॅस हवेत सोडून देतो आणि नवा भरतो. दीड टनाच्या घरगुती एसीत साधारण किलोभर गॅस असतो. तो जुना आर-२२ असेल, तर एक किलो सोडणे म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबात सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे. शिवाय तो ओझोनच्या थरालाही खातो. म्हणून तर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात आणि पुढे २०१६ च्या किगाली दुरुस्तीत असे वायू टप्प्याटप्प्याने बंद किंवा कमी करण्याचे ठरले. करारावर सह्या मंत्र्यांनी केल्या. तो पाळायचा की नाही हे चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर एका पायावर उभा असलेला मेकॅनिक ठरवतो. नव्या यंत्रांतले काही वायू ज्वालाग्राही आहेत. ते हाताळायचे तर दाब, गळती, गॅस परत खेचून घेणारे यंत्र हे सगळे 'बघून बघून' शिकण्याच्या पलीकडचे आहे.

दुसरे, सोसायटीच्या तळघरातला एसटीपी. सांडपाणी शुद्ध करण्याचे खरे काम तिथे जिवाणू करतात आणि त्यांना चोवीस तास प्राणवायू लागतो. विजेचे बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवला की ते मरतात, वास सुटतो आणि काळे पाणी नाल्यातून नदीला मिळते. ऑपरेटरला बहुधा बटणे दाखवलेली असतात. टाकीत काहीतरी जिवंत आहे हे कोणी सांगितलेले नसते. नदी सुधारण्याचे आराखडे कितीही आले, तरी पुण्या-मुंबईतल्या नद्यांचे नशीब अशा शेकडो तळघरांत रोज लिहिले जाते.

तिसरे, भूजल. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. तो एकसंध दिसतो, पण थरांचा आहे: मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच गेरूचा पट्टा. कुठल्या थरात पाणी मुरते आणि कुठला थर ते धरून ठेवतो, हे दर चारशे पावलांवर बदलते. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी आणि शेजाऱ्याच्या बोअरला धूळ. हिवरे बाजार या गावाने पावसाचे पाणी मोजून, आधी पिण्याचे, मग जनावरांचे, मग पिकांचे असा दरवर्षी ताळेबंद मांडला, सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले आणि गाव सावरले. तिथल्या पोपटराव पवारांच्या नेतृत्वाला श्रेय आहेच. पण ताळेबंद मांडायला नेतृत्वाबरोबर पर्जन्यमापक वाचणारा, विहिरींची पातळी नोंदवणारा, खडक ओळखणारा माणूस लागतो. राज्यात चाळीस हजारांच्या वर गावे आहेत. प्रत्येक गावाला असा पुढारी मिळेल या भरवशावर राहता येत नाही. पाण्याचा जाणकार मात्र प्रत्येक तालुक्यात तयार करता येतो. उच्च व्यवसाय शिक्षणाचे खरे क्षेत्र हेच.

या तिन्ही उदाहरणांतला समान धागा असा की टिकाऊपणा वस्तूत नसतो. पंप, प्रकल्प, बंधारा यांपैकी काहीही आपणहून टिकत नाही. कोणीतरी ते टिकवतो. आजवरचे आपले उच्च शिक्षण नवे उभारणारे घडवत आले. टिकवणारे घडवणे हे त्याने दुसऱ्या कोणावर तरी सोपवले, आणि तो दुसरा कोणी नव्हताच. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर एवढेच आहे.

कागदावर वाट आता मोकळी होते आहे. २०१३ च्या अखेरीस राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट आली. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. पदवीला चालना दिली: वर्ष पूर्ण केले तर पदविका, दोन केली तर प्रगत पदविका, तीन केली तर पदवी, आणि मधे नोकरी करून परत येण्याची सोय. हाच तो जिना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक आकडा पुन्हा समोर ठेवला: १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांत औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. महाराष्ट्रात राज्य कौशल्य विद्यापीठही स्थापन झाले. आता त्याला रतन टाटा यांचे नाव आहे.

पण जिन्याच्या पायऱ्या अजून डगमगत्या आहेत. वेल्डिंग शिकवणाऱ्याकडे पदव्युत्तर पदवी हवी असा नियम केला की ज्याने तीस वर्षे वेल्डिंग केले तो वर्गाबाहेर राहतो. प्रात्यक्षिकांचे साहित्य कपाटात कुलूपबंद, कारण मोडले तर जबाबदार कोण? प्रशिक्षणार्थी म्हणून कारखान्यात गेलेला मुलगा सहा महिने एकच नट आवळतो, आणि कंपनीला स्वस्तात मजूर मिळतो. नोकरभरतीच्या जाहिरातीत 'समकक्ष' शब्द आहे की नाही, यावर बी.व्होक. झालेल्या मुलीचे भवितव्य अडते.

जर्मनीचे नाव घेतले, तर तिथली एक संस्था पाहण्यासारखी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात १९७४ साली सुरू झालेल्या व्यवसाय अकादमींचे २००९ मध्ये विद्यापीठ झाले. तिथला विद्यार्थी तीन महिने वर्गात आणि तीन महिने कारखान्यात, अशा आलटून-पालटून फेऱ्यांत पदवी घेतो. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपले प्लंबर, इलेक्ट्रिशियन, परिचारिका तिकडे जाऊन मानाने कमावणार असतील तर आनंदच आहे. पण ज्या राज्याने आपल्या कारागिराला विद्यापीठाची खुर्ची दिली, त्याला आता आपला कारागीर हवा आहे, यात आपल्यासाठीही एक धडा आहे. तो आपण फक्त विमानतळापर्यंत वाचू नये.

सुदैवाने घरातही वाचण्यासारखे काही आहे. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाला वाहिलेले 'सितारा' केंद्र आहे. तिथल्या विचारातून २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान आले: महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच तालुक्यातली नळयोजना, वीटभट्टी, एसटीचे वेळापत्रक हे अभ्यासाचे विषय करावेत, आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवावा. नळयोजना का बंद पडते याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. ते थकलेल्या पाणीपट्टीत, जळालेल्या मोटारीत आणि महिना-महिना न भरलेल्या वीजबिलात असते. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ते तिन्ही एका कागदावर मांडायला शिकला, तर त्याची पदवी खऱ्या अर्थाने व्यवसायाची झाली.

पुढील पानांतले लेख पाणी, ऊर्जा, शेती, बांधकाम आणि आरोग्य या क्रमाने लावले आहेत. वाचकाने हा क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. मात्र प्रत्येक लेखाच्या शेवटी आरंभीचा प्रश्न स्वतःला विचारावा: हे बिघडलं तर कोण येणार? लेखकाने त्याचे उत्तर दिले नसेल, तर तो लेख कितीही विद्वत्तेचा असला तरी अर्धाच आहे असे समजावे. संपादकांनाही हीच फूटपट्टी लावावी.

आणखी एक सुचवावेसे वाटते. महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत किती प्रवेश झाले, किती उत्तीर्ण झाले, किती जणांचे प्लेसमेंट झाले असे रकाने असतात. प्लेसमेंट म्हणजे बहुतेक वेळा तालुका सुटला. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: आमच्या विद्यार्थ्यांनी हात लावलेल्या यंत्रणांपैकी पाच वर्षांनी किती चालू आहेत. पहिल्या वर्षी तो रकाना भरणे अवघड जाईल, आणि आकडा बहुधा लाजवणारा निघेल. सुरुवात वेशीवरच्या खांबापासून करता येईल. बॅटरीची पेटी उघडीच आहे.